वहीतलं माप

कमरबीच्या दुकानाला पाटी नाही.
सेलूत रेल्वे फाटकाच्या अलीकडं, पिठाच्या गिरणीला लागून
एक मशीन, एक बाकडं
आणि खिळ्यांना लटकलेले
कुणाकुणाचे अर्धे शिवलेले खांदे.

तीन वर्षं मी रेडिमेडच घातलं.
दोन नंबर मोठं. बाही मनगटापर्यंत, गळा बंद.
दुकानदार म्हणायचा, ताई, हे तुम्हाला ढगळ होईल.
मी म्हणायचे, होऊ द्या.
ढगळ कपड्यात माणूस नेमकं कुठंय ते पटकन सापडत नाही.

आज कापड घेऊन आले.
अडीच मीटर, कोवळ्या हुरड्याचा हिरवा.
घेताना रंग कळला नाही, फाटकापाशी उन्हात कळला.
त्या हंगामापासून मी हुरडा तोंडात घातलेला नाही.
तरी परत फिरले नाही. का, ते मला विचारू नका.

कमरबीनंही काही विचारलं नाही.
तिला ठाऊक आहे. सगळ्या गावाला ठाऊक आहे,
पण गावाच्या ठाऊक असण्याला नखं असतात,
हिच्या नव्हती.
चष्मा वर सरकवत तिनं मशीनखालून जुनी वही काढली.
"तुझं माप हाय की माझ्याकडं."

खरंच होतं.
निळ्या शाईत, धडधडीत:
सुदामती.
छाती, कंबर, खांदा, बाहीची लांबी.
कुणा एकीची, जिला नवा ड्रेस घालून
अंगणात गिरकी घ्यायची सवय होती.

माझं नाव मी किती दिवसांनी कागदावर बघत होते.
परभणीच्या कोर्टात मी पीडिता होते,
तीनशे वीस पानांत पीडिता.
तुझ्याच भल्यासाठी, वकीलबाई म्हणाल्या, आणि ते खोटं नव्हतं.
तिथंही मापं होती.
बांधापासून सडक सतरा मीटर.
ओरडल्यास ऐकू येण्याजोगं अंतर: होय.
दवाखान्यातल्या फॉर्मवर एक छापील बाई होती,
पुढून आणि पाठीमागून, बिनचेहऱ्याची.
डॉक्टरीणबाई तिच्यावर फुल्या मारत होत्या.

निकाल लागला. पेढे कुणी वाटले नाहीत.
मीही त्या रात्री कडी दोनदा चाचपून झोपले.
लोक म्हणाले, आता विसर.
म्हणजे, आम्हाला विसरायचंय, तू सारखी समोर येऊ नकोस.

"हेच धरू का?" कमरबीनं ओळीवर बोट ठेवलं.
मी म्हणाले, नाही. नवं घ्या.

ती उठली.
"पडदा वढू, का राहू दिऊ?"
राहू द्या.
गळ्यातला टेप काढून त्याचं एक टोक तिनं माझ्या हातात दिलं.
"हे तू धर. नको म्हणशील तिथं थांबते."

खांदा. मी हो म्हणाले.
दंड. हो.
छातीपाशी श्वास अडकला.
शेजारी गिरणीचा पट्टा फडफडत होता,
कुणाचं तरी बाजरीचं दळण पडत होतं.
ती थांबली. टेप सैल सोडून उभी राहिली
माझ्या कापडाचा काठ चिमटीत घेऊन, जशी वीणच तपासतेय.
फाटक पडलं. नांदेडकडची गाडी गेली.
फाटक उघडलं, मोटारसायकली सुटल्या.
मी म्हणाले, घ्या.

जुन्या ओळीवर तिनं काट मारली नाही.
खाली नवी लिहिली, आजची तारीख घालून.
"खांदा अर्धा इंच वाढलाय की. कशानं गं?"
दूध डेअरीवर कॅन उचलते मी, म्हणाले. चाळीस लिटरचे.
"आन् बाही?"
मी जरा वेळ माझ्याच हाताकडं बघितलं.
कोपराच्या वर.

शिलाई तीनशे म्हणाली.
अडीचशे, मी म्हणाले.
अस्तर हाय, ती म्हणाली. अस्तर माझं आहे, मी म्हणाले.
भांडता भांडता माझा आवाज एवढा चढला
की गिरणीवाल्यानं पिठानं माखलेली मान
दारातून बाहेर काढून बघितलं.